पोरगी कामावर गेलीय

(बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

मागच्या खेपेला आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओ बंद करतील, म्हणून आधीच विनंती करते, थोडा वेळ थांबा. आज बोलायचंय वेबसाइट तयार करण्याच्या कामाबद्दल. ‘हे शहरातल्या इंजिनिअरांचं काम, आपला काय संबंध?’ असं मलाही वाटायचं. त्या वाटण्यापायी एका मुलीचं पाऊण वर्ष वाया गेलं, आणि त्यात माझाही हात होता.

आमच्या माणदेशातल्या एका गावात माझ्याकडचा एक गट आहे. त्या गटातल्या एका काकूंची ही मुलगी. बारावीत असताना ती मोटारसायकलवर मागे बसून घरी येत होती. रात्रीची वेळ, पुढे बिनलाइटची उसाची ट्रॉली. पाठीच्या कण्याला मार बसला. कमरेखालचं चालणं गेलं आणि संवेदनाही गेली. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. तिचं नाव मी सांगणार नाही. ‘माझं काम सांगा, नाव नको,’ असं तिनंच बजावलंय.

मी गटांची समन्वयक. घरात दिव्यांग मुलगी आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे नेहमी यायचं तेच आलं. अगरबत्तीची पाकिटं. मी दोनदा गठ्ठा पाठवला, तिनं निमूटपणे चिकटवून दिला. शंभर पाकिटांना वीस रुपये, आणि शंभर पाकिटांना तिला तास लागायचा. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाली, ‘ताई, मला दुसरं एक येतंय, बघता का?’ मोबाइल पुढे केला. त्यात आमच्या गावच्या यात्रेचं पान होतं. छबिना कधी, कुस्त्या कधी, म्हसवडहून एसटी किती वाजता. खाली पालखीचा फोटो. मी म्हटलं, छान आहे, कुठनं घेतलंस? तर म्हणाली, घेतलं नाही, लिहिलंय.

आता हे ‘लिहिलंय’ म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण मोबाइलवर एखादं मंगल कार्यालय शोधतो. पान उघडतं, फोटो दिसतात, भाडं दिसतं, नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो. ते पान आपोआप उगवत नाही. मांडवासारखं ते कुणीतरी उभारलेलं असतं. मेढी कुठे रोवायच्या, स्टेज कुठे, पंगत कुठे, हे ठरवणाऱ्या भाषेचं नाव एचटीएमएल. झालर कुठल्या रंगाची, अक्षर केवढं, हे सांगणारी सीएसएस. आणि बोट ठेवल्यावर काहीतरी घडावं, तारीख निवडली की भाडं बदलून दिसावं, यासाठी जावास्क्रिप्ट. या तीन भाषा आल्या की साधी वेबसाइट होते. त्यांना भाषा म्हणतात खरं, पण रोज लागणारे शब्द मोजके असतात. आपण वेणीला, मुंडावळ्यांना, रुखवताला जेवढे शब्द वापरतो त्याहून फार नाहीत.

या भाषा वापरायला परवाना लागत नाही, फीही लागत नाही. टिम बर्नर्स-ली नावाच्या संशोधकानं १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत ही कल्पना मांडली, आणि १९९३ मध्ये त्या प्रयोगशाळेनं ती जगाला फुकट देऊन टाकली. तेव्हा त्यांनी पैसे मागितले असते, तर माणदेशातल्या एका घरातल्या पोरीच्या हाताला हे काम लागलंच नसतं.

तर मी ते पान बघितलं, शाबासकी दिली आणि विसरून गेले. पुढच्या महिन्यात काकूंनी बैठकीत वीस हजारांचं कर्ज मागितलं. लेकीला जुना लॅपटॉप घ्यायचाय म्हणाल्या. एक आक्का म्हणाल्या, ‘शेळी घेतली तर वर्षात दोन करडं देती. लॅपटॉप काय देतोय?’ सगळ्या हसल्या. मीही हसले. इतिवृत्तात ‘विषय पुढील बैठकीत घ्यावा’ असं लिहिलं, आणि पुढच्या आठ बैठकांत तो घेतलाच नाही. काकूही पुन्हा बोलल्या नाहीत. ज्या बाईला दोनदा बोलायची सवय नसते तिचा विषय असाच मरतो, हे समन्वयक म्हणून मला कळायला हवं होतं.

त्या पाऊण वर्षात पोरगी मोबाइलवरच लिहीत होती. गावात घोंगड्या विणणारं एक घर आहे. त्यांच्यासाठी तिनं फुकट एक पान केलं. माग कसा चालतो, लोकर कुठली, चिंचोक्याची खळ कशी देतात, एक घोंगडी व्हायला किती दिवस लागतात, सगळं त्यांच्याच बोलीत लिहिलं आणि फोन नंबर टाकला. काही दिवसांनी पुण्याहून फोन आला, दोन घोंगड्या पाठवा म्हणून. त्या विणकराची बायको आमच्याच गटात. पुढच्या बैठकीला बसल्या बसल्या म्हणाली, ‘त्या पोरीचा लॅपटॉपचा विषय काढा आधी.’ कर्ज मंजूर झालं. शेकडा दोन व्याज, महिना हजार मुद्दल, वीस हप्ते. व्याजाचे सगळे मिळून ४,२०० रुपये होतात, ते तिनंच पाटीवर मांडून दाखवलं.

बऱ्याच जणी विचारतात, शिकली कुठे? तालुक्याला कॉम्प्युटरचा क्लास होता, पण तो दुसऱ्या मजल्यावर. उद्वाहक नाही, उतार नाही. क्लासवाल्यांनी सुचवलं, भावाला रोज उचलून आणायला सांगा. बावीस वर्षांच्या मुलीला रोज चार माणसांदेखत उचलून न्यायचं. ती गेली नाही. इंटरनेटवर फुकट शिकवणारी ठिकाणं आहेत, तिथं शिकली. फ्रीकोडकॅम्प नावाची एक संस्था २०१४ पासून हे फुकट शिकवते, धडा आणि लगेच सराव. डब्ल्यूथ्रीस्कूल्सवर एकेका शब्दाचं उदाहरण मिळतं. हे इंग्रजीत आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये संगणकाचे छोटे छोटे धडे आहेत, बरेचसे भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. ते साधारण दहा मिनिटांत संपतात, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईतो एक धडा.

पण ती सांगते की खरं शिकणं वेगळ्याच रीतीनं झालं. लॅपटॉपवर कुठलंही पान उघडून कंट्रोलचं बटण आणि यू दाबलं की त्या पानामागचं लिखाण दिसतं. आपल्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे पटकन कळेल. नव्या फॅशनचा ब्लाऊज हातात आला की आपण आधी उलटा करून बघतो, शिवण कुठून घेतलीय, कळी कशी जोडलीय. कुणी शिकवत नाही. एखादी टीप उसवून बघतो, पुन्हा घालतो. तिनं शेकडो पानं अशी उलटी करून बघितली.

इंग्रजीची अडचण होतीच. ती आपल्यासारखीच मराठी शाळेत शिकलेली. एकदा अख्खा दिवस गेला, अक्षरांचा रंग काही बदलेना. शेवटी कळलं की ‘कलर’चं शाळेत शिकवलेलं स्पेलिंग ब्रिटिश, त्यात ‘यू’ हे अक्षर असतं. या भाषेला अमेरिकन स्पेलिंग लागतं, त्यात ‘यू’ नाही. एका अक्षरापायी दिवस गेला. तेव्हापासून तिनं दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठीत त्याचा अर्थ आणि त्यानं काय होतं ते. ती वही मी बघितलीय. कडा काळ्या पडल्यात, भाकरीच्या पिठाचे डागही आहेत. रोज दोन तास, असं दीड वर्ष. ‘तीन महिन्यांत वेबसाइट शिका’ असं जे सांगतात त्यांच्यावर माझा तरी विश्वास नाही.

मराठी येण्याचा तिला उलट फायदाच झाला. आपल्याकडचे लोक जुन्या पत्रिका, माहितीपत्रकं घेऊन येतात. ती श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेली असतात. तशीच वेबसाइटवर टाकली की अक्षरांची खिचडी दिसते. ती युनिकोडमध्ये आणावी लागतात, आणि मग डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात, कारण जोडाक्षरं हमखास बिघडतात. ‘ऱ्या’ नीट दिसतोय का, ‘ळ’ जागेवर आहे का, हे शहरातल्या परभाषिक मुलाला दिसत नाही. तिला दिसतं. वेबसाइटचं नावसुद्धा शेवटी ‘.भारत’ लावून देवनागरीत घेता येतं, २०१४ पासून ती सोय झालीय. हे तिनंच एका गूळवाल्याला सांगितलं आणि त्याला ते फार आवडलं.

आता जे सांगायचंय ते जरा नाजूक आहे. घरात लहान मुलं असतील तरी ऐकू द्या, शरीराच्याच गोष्टी आहेत.

पहिलं पैशाचं काम आलं ते तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका दुकानदाराचं. तीन हजार ठरले, तोंडी. त्यानं सांगितलं पाच पानं, मग सात झाली. रंग बदल, फोटो बदल, पुन्हा पहिलाच रंग आण. अकरा वेळा दुरुस्त्या झाल्या. काम हातचं जाईल या भीतीनं ती नाही म्हणेना. एकदा तिनं मुदत मागितली, तर फोनवर म्हणाला, ‘घरीच तर बसून असतेस.’ ती खरंच बसून राहिली. सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत, सलग काही दिवस.

कण्याला मार लागलेल्या माणसानं असं बसणं म्हणजे काय, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण खुर्चीत बसलो की नकळत चुळबुळ करतो, कूस बदलतो, कारण बूड दुखतं. तिला दुखतच नाही. एकाच जागी वजन राहिलं की तिथं रक्त पोचत नाही, कातडी आणि आतलं मांस मरायला लागतं. वरून डाग एवढासा दिसतो, आत खड्डा पडलेला असतो. एका रात्री काकूंना चादरीवर ओलसर डाग दिसला. तोवर जखम बोटाचं पेर आत जाईल एवढी झाली होती. अडीच महिने तिला पालथं झोपून काढावे लागले. रोज ड्रेसिंग, ताप, इंजेक्शनं. वर लघवीचा जंतुसंसर्ग. तिला दर चार-सहा तासांनी नळीनं लघवी काढावी लागते. काम थांबू नये म्हणून ती पाणी कमी प्यायची आणि वेळा लांबवायची. हे आपण सगळ्याच करतो. शेतात आडोसा नाही म्हणून, एसटीत सोय नाही म्हणून पाणी पीत नाही. तिच्या बाबतीत ते जिवावर आलं.

दुकानदारानं शेवटी दीड हजार दिले. बाकीचे ‘बघू’. तिनं पालथं पडल्या पडल्या हिशोब केला. पंच्याहत्तर तासांचे दीड हजार, म्हणजे तासाला वीस रुपये. मला म्हणाली, ‘ताई, तुमच्या पाकिटांचाच भाव पडला.’

ज्यांच्या घरी असं कुणी आहे, कण्याची इजा असो की अर्धांगवायू, त्यांनी एवढं लक्षात ठेवा. बसलेलं असताना दर वीस मिनिटांनी वजन हलवायचं. पुढे वाकायचं किंवा एका कुशीला झुकायचं, आणि एक-दोन मिनिटं तसंच राहायचं. रोज संध्याकाळी आरशात किंवा घरच्या बाईकडून बसायची जागा, टाचा, माकडहाड बघून घ्यायचं. डाग बोटानं दाबला आणि पांढुरका झाला नाही, तर त्या जागेवर बसणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं काळपटपणा, कडकपणा किंवा गरमपणा हाताला लागतो. आणि साधी फोमची गादी पुरत नाही, हवेची किंवा जेलची उशी लागते.

बरी झाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते दर ठरवण्याचं. इथं आमचा गट तिच्या कामी आला, आणि तीही आमच्या. उन्हाळ्यात आम्ही पापडाचं कॉस्टिंग करतो. उडदाची डाळ, पापडखार, तेल, पिशवी, लेबल, सगळं धरतो आणि मजुरीच्या रकान्यात रेघ मारतो. ‘घरचंच काम’ म्हणून. ती म्हणाली, मी बरोब्बर हेच केलं होतं. मग आम्ही एकाच कागदावर दोन हिशोब मांडले, एक पापडाचा, एक वेबसाइटचा.

तिचा असा झाला. पाच पानांच्या साइटला तिला पंचेचाळीस तास लागतात. तासाला १५० रुपये धरले, म्हणजे ६,७५०. इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज मिळून ७५०. झाले साडेसात हजार. शिवाय प्रकृतीचे वाईट दिवस येतात, दवाखान्याची फेरी असते, दुरुस्त्या निघतात, त्याचे दीड हजार. एकूण नऊ हजार. या शेवटच्या दीड हजारावर गटात वाद झाला. ‘तुझ्या दुखण्याचे पैसे गिऱ्हाईक का देईल?’ असं आक्का म्हणाल्या. ती म्हणाली, ‘ट्रॅक्टरवाला भाडं सांगताना टायरची झीज धरतो का नाही? माझं अंग हे माझं टायर आहे.’ आक्कांचा मुलगाच ट्रॅक्टर चालवतो, त्या गप्प बसल्या. आमच्या पापडाचाही भाव त्या वर्षी किलोमागे वाढला, आणि गिऱ्हाईक तुटलं नाही.

काम घेण्याची पद्धतही तिनं बदलली. तोंडी काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत लिहून पाठवते, पानं किती, फोटो कोण देणार, दुरुस्त्या दोन वेळा, तिसऱ्या वेळेपासून पैसे वेगळे. चाळीस टक्के आधी, तीस टक्के दोन पानं दाखवल्यावर, उरलेले साइट सुरू करण्याआधी. नऊ हजारांतले ३,६०० हातात पडल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. वेबसाइटचं नाव आणि जागा यांचे वार्षिक पैसे गिऱ्हाईकानं स्वतः, स्वतःच्या नावावर भरायचे. काही लोक ते आपल्या नावावर ठेवतात आणि पुढे गिऱ्हाईकाला अडवून धरतात. ही तसलं करत नाही, म्हणून एकाचं काम झालं की तो दुसऱ्याला पाठवतो.

बसायचं दिवसाला चार तास, दोन टप्प्यांत. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर. आठवड्यातले पाच दिवस. म्हणजे आठवड्याला वीस तास, एका साइटला सव्वादोन आठवडे. ती गिऱ्हाईकाला महिना सांगते. घाई असेल तर दुसरीकडे जा म्हणते. हे म्हणायला ती शिकली ते त्या अडीच महिन्यांत.

गिऱ्हाईकाला आपल्या अपंगत्वाबद्दल सांगायचं का? यावर आमचं दोघींचं जमत नाही. मला वाटायचं, सांगावं, लोक समजून घेतील. तिनं एकदा सांगून बघितलं. एका गृहस्थांनी खूप कौतुक केलं, पेपरात फोटो देऊ म्हणाले, आणि नऊ हजारांचं काम चार हजारांत मागितलं. ‘तुम्हाला तेवढीच मदत’ म्हणाले. आता ती काम पोचल्यावरच बोलते, तेही विषय निघाला तर. ‘वेळ लागेल हे सांगायचं, का लागेल ते नाही,’ असं तिचं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही, कारण लपवल्यानं लोकांच्या डोळ्यांची सवय कधी बदलणार? पण खुर्चीत ती बसलीय, मी नाही.

एक गोष्ट मात्र ती मुद्दाम सांगते आणि त्यासाठी पैसेही घेते. तिच्या साइट दिव्यांगांना वापरता येतात. फोटोमागे शब्दांत वर्णन लिहिलेलं असतं, म्हणजे अंध माणसाच्या मोबाइलला ते वाचून दाखवता येतं. माउस धरता येत नसेल तर नुसत्या बटणांनी सगळीकडे जाता येतं. फिक्या रंगावर फिकी अक्षरं नसतात, त्याचा चष्मा लागलेल्या सगळ्यांनाच फायदा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंही माहिती सगळ्यांना वापरता येईल अशी असावी असं म्हटलंय. हे काम नीट करणारी माणसं कमी आहेत.

तुमच्या घरात दुसऱ्या प्रकारचं अपंगत्व असेल, तर तेही आड येत नाही. एकाच हातानं टाइप करणाऱ्यांसाठी विंडोजच्या संगणकात सोय असते, शिफ्टचं बटण पाच वेळा दाबलं की विचारणा येते, आणि मग दोन बटणं एकदम धरावी लागत नाहीत. हात थकत असतील तर बोलून टाइप करता येतं, मोबाइलच्या कीबोर्डला मराठीही कळतं. दिसत नसेल तर एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं. ते मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून बनवलं आणि फुकट दिलं. ऐकू येत नसेल तर हे सगळं काम लिहूनच चालतं.

सुरुवात करायची तर लगेच लॅपटॉप नको. मोबाइलवर सहा महिने काढा, गोडी लागते का बघा. परदेशी कामाच्या वेबसाइटींकडे पहिल्याच दिवशी धावू नका. फायव्हर नावाची साइट मिळालेल्या पैशातले वीस टक्के कापते, अपवर्कवर काम मागायलाच बऱ्याचदा पैसे मोजावे लागतात, आणि तिथं सगळ्या जगाशी स्पर्धा. तिला पहिली चारही गिऱ्हाईकं तीस किलोमीटरच्या आत मिळाली. डाळिंबाची रोपवाटिका, मंगल कार्यालय, हुरडा पार्टीचं शेत, गूळवाले. आणि ‘घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी दोन हजार भरा’ असा मेसेज आला तर तो पुसून टाका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. आमच्या तीन गटांतल्या पाच बायका यात फसल्यात, म्हणून आवाज चढवून सांगते.

हल्ली विचारतात, आता एआय पाच मिनिटांत वेबसाइट बनवतं, मग हिचं काय? ती स्वतः ते वापरते, चूक सापडेना तेव्हा. पण मंगल कार्यालयाचं वाहनतळ किती गाड्यांचं, आचाऱ्याला वेगळं घर आहे का, वधूपक्षाच्या खोलीला संडास आतून आहे का, हे फोन करून विचारावं लागतं. वधूपक्षाच्या संडासाचा प्रश्न तिनं विचारला तेव्हा मालक म्हणाले, आजवर कुणी विचारलं नव्हतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी दवाखान्यात. कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, गेल्या वर्षी किती झाले आणि कशावर. तिला बसायची उशी त्यातूनच मिळाली, दोन ग्रामसभा लागल्या. धंद्याची उद्यम नोंदणी आधारवर फुकट होते, त्याचे पैसे एजंटला देऊ नका. सेवेच्या कामाला वर्षाला वीस लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, तेव्हा त्या नावानं घाबरू नका. पॅन कार्ड मात्र हवं, मोठी कंपनी पैसे देताना कर कापून देते आणि तो परत मागायला विवरणपत्र भरावं लागतं. आणि दिव्यांग बायकांचा वेगळा बचत गट करायचा असेल तर दहा जणी जमवायची गरज नाही, पाच जणींचाही चालतो. हे बऱ्याच गावांत माहीत नाही.

कमाई किती होते, हे तुम्ही विचारणारच. गेल्या वर्षी सात साइट झाल्या, चार गिऱ्हाइकांची वार्षिक देखभाल आहे. एखाद्या महिन्यात चौदा हजार आले, दोन महिने काहीच नाही. गटाचे वीस हप्ते फिटले, त्यातला एकच चुकला, तो पालथं झोपून असतानाचा. गटानं त्याचा दंड लावला नाही, ठराव करून.

घरचं वळण मात्र उशिरा बदललं. लॅपटॉपसमोर बसली की वहिनी सुपात तांदूळ आणून द्यायची, ‘बसलीच आहेस तर निवड.’ पाहुणे आले की, ‘बसलीच आहे, बोला तिच्याशी.’ तिनं दोनदा भांडण केलं, उपयोग झाला नाही. शेवटी बदल झाला तो आजीमुळे. आजीला लिहिता-वाचता येत नाही. एकदा तिच्या समोर पोरीनं चार हजारांचा मेसेज वाचून दाखवला. तेव्हापासून दुपारी तीनला आजी त्या खोलीची कडी बाहेरून लावते आणि ओसरीवर बसते. कुणी विचारलं, ‘पोरगी कुठाय?’ तर सांगते, ‘कामावर गेलीय.’ मध्ये एकदा मीच गेले, कार्यक्रमाचं विचारायला. भिंतीपलीकडून बटणांचा आवाज येत होता, आणि आजीनं मलाही तेच सांगितलं. पाच वाजेपर्यंत मी ओसरीवर शेंगा सोलत बसले.

ज्यांना हे काम शिकायचंय, किंवा घरात कुणाला दाखवायचंय, त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीला नाव द्या. ती दोन तास बसून दाखवायला तयार आहे. बैठक यावेळी समाजमंदिरात नाही, त्याला तीन पायऱ्या आहेत. शाळेच्या व्हरांड्यात घेतलीय.